लाल रंगाचा अधिकार

लाल रंगाच्या अर्थाची चर्चा बहुधा रक्तापासून सुरू होते आणि प्रेम, क्रोध, धोका, मांगल्य अशी यादी देऊन थांबते. ही यादी चुकीची नाही. पण तिच्यातले शब्द एकमेकांना छेद देणारे आहेत. जो रंग लग्नाचा तोच युद्धाचा आणि जो देवीचा तोच धोक्याच्या फलकाचा असेल, तर तो कशाचे प्रतीक आहे एवढे सांगून फारसे काही उलगडत नाही. लाल रंगाच्या इतिहासात त्याहून मोलाचा प्रश्न वेगळाच आहे : हा रंग कोणत्या द्रव्यातून निघाला, ते द्रव्य किती सहज किंवा किती कष्टाने मिळे, आणि ते भिंतीला, देवाला, कापडाला किंवा कपाळाला लावण्याचा हक्क कोणाला होता. या प्रश्नाच्या उजेडात पाहिले म्हणजे लाल रंग एखाद्या भावनेचे चिन्ह म्हणून कमी आणि सामर्थ्याचे चिन्ह म्हणून अधिक दिसू लागतो. आणि सामर्थ्य आले की त्याच्या वाटपाचे नियमही आलेच.

या रंगाकडे लक्ष वेधले जाण्याची सुरुवात डोळ्याच्या रचनेतच आहे. साधारण ६२० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश माणसाला लाल दिसतो, कारण त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत त्या दोनच प्रकारच्या असल्याने गाय, बैल किंवा कुत्रा यांना लाल आणि हिरवा हा भेद नीट कळत नाही, आणि स्पेनच्या झुंजीतला बैल कापडाच्या लालीने नव्हे तर त्याच्या हालचालीने चवताळतो. आफ्रिका व आशियातील माकडे, वानर आणि माणूस यांना हा तिसरा प्रकार लाभला तो हिरव्या पानांतून पिकलेली फळे आणि कोवळी तांबूस पालवी हेरता यावी म्हणून, असे एक मत आहे. भाषेतही याचा माग लागतो. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ मध्ये ९८ भाषांतील रंगनामांची तुलना केली, तेव्हा ज्या भाषांत रंगांसाठी तीनच मूळ शब्द आहेत तेथे काळा व पांढरा यांच्यानंतरचा तिसरा शब्द लालाचा असतो, असे त्यांना दिसून आले.

काळा, पांढरा आणि तांबडा हे त्रिकूट भारतीय विचाराला फार जुने आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात अग्नीतील तांबडे रूप तेजाचे, पांढरे पाण्याचे आणि काळे अन्नाचे, अशी मांडणी आहे. व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने झांबियातील न्देम्बू लोकांच्या विधींचा अभ्यास करताना हेच तीन रंग पाहिले आणि आपल्या विवेचनात या उपनिषदाचाही दाखला घेतला. न्देम्बूंच्या समजुतीत पांढऱ्याची बाजू ठरलेली आहे, काळ्याचीही बरीचशी ठरलेली आहे; लालाची मात्र ठरलेली नाही. प्रसूतीचे रक्त लाल, शिकारीचे लाल आणि खुनाचेही लालच, त्यामुळे तो रंग ज्या शक्तीचा आहे ती जीवन देईल की घेईल हे प्रसंगावर आणि ती हाताळणाऱ्यावर अवलंबून राहते. लाल रंगाविषयी केलेल्या विधानांत याहून नेमके विधान सापडणे अवघड आहे, आणि पुढचा बराचसा इतिहास त्याला पुष्टी देतो.

माणसाने वापरलेला सर्वांत जुना लाल म्हणजे गेरू, अर्थात लोहाच्या ऑक्साइडने तांबडी झालेली माती किंवा मऊ दगड. दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीचे दोन मोठे शिंपले सापडले असून त्यांत गेरूची पूड, कोळसा आणि हाडांतील चरबी यांचे मिश्रण कालवलेले होते. म्हणजे गेरू फोडणे, घोटणे आणि साठवणे ही कामे माणूस तेव्हाच करीत होता. वेल्समधील पॅव्हिलँड येथील गुहेत विल्यम बकलंड यांना १८२३ मध्ये गेरूने माखलेला सांगाडा मिळाला. त्यांनी तो रोमन काळातील स्त्रीचा ठरवला, पण पुढील संशोधनात तो सुमारे ३३,००० वर्षांपूर्वीच्या तरुण पुरुषाचा निघाला. मृतदेह लाल मातीने माखण्यामागे त्या माणसांच्या मनात काय होते हे कोणी सांगू शकणार नाही, परंतु एवढ्या दूरच्या आणि परस्परांशी संबंध नसलेल्या समूहांनी मृत्यूच्या वेळी याच रंगाकडे हात न्यावा, हे विसरण्यासारखे नाही. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेल्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांतही प्राणी, शिकारी आणि नाचणारे समूह मुख्यतः पांढऱ्या आणि गेरूच्या रंगांतच उमटलेले आहेत.

गेरू हा लालांपैकी सर्वांत समतावादी म्हणावा लागेल. कोकणचा जांभा दगड आणि त्याच्या झिजेतून झालेली तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडनेच रंगलेली आहे, आणि मंगळ ग्रहाची लालीही तशाच धुळीची आहे. तरीही गेरूने सारवलेल्या भिंतीवर कोणी काय काढायचे याचे नियम होतेच. पालघर-डहाणू भागातील वारली घरांत शेणाने सारवून गेरूचा हात फिरवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो लग्नाचा चौक काढतात, तो काढण्याचा मान सवाशिणींचा. मधोमध पालघट देवी आणि भोवती नक्षीची चौकट. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आणि कापडावर आणली तेव्हा विधीची चौकट सैल झाली, स्त्रियांच्या हातची कला पुरुषांच्याही हाती आली, आणि गेरूची पार्श्वभूमी मात्र जशीच्या तशी राहिली.

गेरू पायाखाली मिळतो. शेंदूर आणि हिंगूळ तसे मिळत नाहीत. शेंदूर म्हणजे शिसे हवेत दीर्घकाळ तापवून मिळणारा नारिंगी छटेचा ऑक्साइड, तर हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे खनिज. हे दोन्ही लाल झळझळीत असून दोन्ही विषारी आहेत. महाराष्ट्रात वेशीवरचा मारुती, शिवेवरचा म्हसोबा, गावकुसाबाहेरचा वेताळ आणि अनेक ठिकाणचा गणपती यांना तेलात कालवलेला शेंदूर चर्चिला जातो. ज्या दगडाला शेंदूर लागला तो दगड राहत नाही, ही भावना मराठी मनात इतकी खोल आहे की अपात्र माणसाला दिलेल्या मोठेपणासाठीही शेंदराचीच भाषा वापरली जाते. या ठिकाणी अधिकाराचा प्रश्न स्पष्ट दिसतो : रस्त्याकडेच्या तांदळ्याला कोणीही शेंदूर लावतो, पण गावच्या देवळातील मूर्तीला तो चर्चण्याचे काम परंपरेने गुरवाचे असते आणि भाविक केवळ तेल-शेंदूर वाहतो. वर्षानुवर्षांच्या थरांखाली मूर्तीचा मूळ आकार झाकला जातो. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील असे जुने थर २०२२ मध्ये काढण्यात आले, तेव्हा भाविकांना परिचित असलेल्या रूपाआडून कोरीव मूर्तीचे वेगळे तपशील प्रकट झाले. दोन्ही रूपे खरी मानावी लागतात, कारण एक शिल्पकाराने घडवले होते आणि दुसरे भक्तांच्या पिढ्यांनी.

देवाला लाल लेप देण्याची चाल भारतापुरती नव्हती. थोरला प्लिनी या रोमन ग्रंथकाराने नोंदवले आहे की, कॅपिटोल टेकडीवरील ज्युपिटरच्या मूर्तीचा चेहरा सणाच्या दिवशी हिंगुळाने रंगवला जाई, आणि जुन्या काळी विजयी सेनापती मिरवणुकीत आपले अंगही त्याच रंगाने माखून घेत. देवाचा रंग एका दिवसापुरता माणसाला मिळे, आणि तो मिळवण्यासाठी युद्ध जिंकावे लागे. हे हिंगूळ मुख्यतः स्पेनमधील खाणींतून येई व त्याची किंमत कायद्याने एका रोमन पौंडाला ७० सेस्टर्स एवढी बांधलेली होती. चीनमध्ये हाच हिंगूळ शाईच्या रूपाने सत्तेचा रंग झाला. छिंग घराण्याच्या काळात प्रांतांतून आलेल्या अहवालांवर सम्राट स्वतःच्या हाताने जे शेरे मारी ते लाल शाईने, आणि ती शाई त्याच्याखेरीज दुसऱ्याने अशा कागदावर वापरायची नसे.

कापडाचा लाल हा आणखी वेगळा अध्याय आहे, कारण येथे रंग नुसता लावून भागत नाही, तो धाग्यात पक्का बसवावा लागतो. त्यासाठी तुरटीसारखे रंगबंधक, म्हणजे धागा आणि रंग या दोहोंना धरून ठेवणारे द्रव्य, आधी कापडाला द्यावे लागते. ही विद्या भारताला फार लवकर साधली होती. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा जो तुकडा मिळाला तो मंजिष्ठ वर्गातील वनस्पतीने रंगवलेला आहे. मंजिष्ठेच्या आणि आलाच्या मुळांपासून, तसेच लाखेच्या किड्यांपासून येथील रंगारी लाल काढीत. व्यापाऱ्यांच्या वह्या आणि दप्तरे ज्या जाड्याभरड्या खारव्यात बांधली जात, तो खारवाही आलाच्या मुळांनीच रंगलेला असे. धुऊनही न उतरणारे हे भारतीय लाल सतराव्या शतकात युरोपात पोचले तेव्हा तेथील विणकर हवालदिल झाले आणि फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदीच घातली.

युरोपजवळ तोवर दुसरा एक लाल आला होता. मेक्सिकोतील निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील या किड्यांच्या माद्या वाळवून जो किरमिजी रंग मिळे, तो स्पेनने सोळाव्या शतकापासून जगभर विकला. एक पौंड रंगद्रव्यासाठी सुमारे ७०,००० किडे लागत. हा खर्च कोणाच्या अंगावर करायचा हे पदावर ठरे. ब्रिटिश सैन्याचे लाल डगले प्रसिद्ध आहेत आणि भारतातील कंपनीच्या पलटणींनाही तेच मिळाले, पण साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठेसारख्या मॅडर वनस्पतीच्या स्वस्त, विटकरी लालाने रंगवलेला असे, तर अधिकाऱ्याचा कोचिनीलच्या झळझळीत लालाने. दुरून सारी पलटण एका रंगाची दिसे. जवळ गेल्यावर पगारातील फरक कापडावर वाचता येई.

या व्यवस्थेला सुरुंग लावला तो रसायनशास्त्राने. मॅडरच्या मुळांतील मुख्य रंगद्रव्य ॲलिझरीन हे कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. दुसऱ्याच वर्षी त्याच्या औद्योगिक उत्पादनाची पेटंटे मागितली गेली, आणि काही वर्षांतच दक्षिण फ्रान्समधील मॅडरची शेती बसली. यातला एक प्रसंग विलक्षण आहे. देशातील मॅडर उत्पादकांना आधार मिळावा म्हणून फ्रान्सने १८२९ मध्ये आपल्या पायदळाला लाल पाटलोणी दिल्या होत्या. शेती संपली, पण पाटलोण राष्ट्राभिमानाचे चिन्ह होऊन बसली होती, म्हणून ती जर्मन कारखान्यांच्या रंगाने रंगवली जाऊ लागली. आणि ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रेंच सैनिक त्याच लाल पाटलोणी घालून जर्मन मशीनगनांसमोर गेले. निळसर राखी गणवेश आला तोवर हजारो माणसे पडली होती. प्रतीकाला चिकटून राहण्याची किंमत इतक्या थेटपणे मोजावी लागल्याची उदाहरणे फार नाहीत.

लाल रंगाचा हक्क एका पक्षाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे लाल निशाणाइतके कोठेच स्पष्ट दिसत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आरंभी लाल निशाण हे सत्तेचे होते. ते फडकले की लष्करी कायदा लागू झाला, जमावाने पांगावे, नाहीतर गोळी चालेल, असा त्याचा अर्थ होता. १७ जुलै १७९१ रोजी पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर असेच निशाण लावून जमावावर गोळीबार झाला. त्यानंतर ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्यांच्याच बाजूने ते उचलले, १८४८ च्या क्रांतीत ते प्रजासत्ताकाचे राष्ट्रनिशाण व्हावे अशी मागणी झाली, आणि १८७१ च्या पॅरिस कम्यूनपासून ते जगभरच्या कामगारांचे झाले. मुंबईत १९२८ च्या मोठ्या गिरणी संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि ‘लाल बावटा’ हे तिचे नावच पडून गेले. परळ-लालबागच्या चाळींत त्या शब्दांचा उच्चार पुढे दीर्घकाळ होत राहिला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढून त्या निशाणाला तमाशा आणि पोवाड्याचा आवाज दिला, तर गोदावरी परुळेकर यांनी १९४५ पासून वारल्यांमध्ये केलेल्या कामात तोच बावटा वेठबिगारीविरुद्ध जंगलपट्टीत पोचला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेल्या शेतकरी व आदिवासींच्या डोक्यावरील लाल टोप्या त्याच परंपरेतल्या होत्या.

रंगाचा अर्थ केवळ संकेतावर चालतो याची आधुनिक उदाहरणे भरपूर आहेत आणि त्यांवर फार थांबण्याचे कारण नाही. मुंबईच्या शेअर बाजाराच्या पडद्यावर लाल म्हणजे घसरण, पण शांघायमध्ये लाल म्हणजे भाववाढ. चीनमध्ये लाल वेष्टनातून शुभेच्छेचे पैसे दिले जातात, आणि घानातील अकान लोक अंत्यविधीला लाल व काळी वस्त्रे नेसतात.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर लाल रंगाची सर्वांत गुंतागुंतीची कथा कुंकवाची आहे. खरे कुंकू हे शेंदराप्रमाणे धातूचे नव्हे, तर हळदीचे असते. हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संयोगाने लाल होते, आणि टाकणखारातील बोरॉनशीही त्याचा संयोग लालच रंग देतो. याच गुणावर कुंकू करण्याच्या जुन्या पद्धती आधारलेल्या आहेत. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव या उद्योगासाठी ओळखले जाते. हळद आणि कुंकू ही जोडी एका द्रव्याच्या दोन अवस्था आहेत हे ध्यानात घेतले, की विधींत त्या दोहोंची पाळेमुळे एकत्र का गुंतलेली आहेत हे अधिक चांगले समजते. टिकल्या येण्यापूर्वी कपाळाला आधी मेण लावून त्यावर पिंजर बसवली जाई, आणि त्यासाठी करंडा हा प्रत्येक घरातील खास वस्तू असे. देवीला कुंकुमार्चन होते, तुळजाभवानीच्या भक्तांच्या कपाळी मळवट भरला जातो, लग्नपत्रिकेला आणि नव्या चोपडीला कुंकवाचे बोट लागते.

मात्र हे सामर्थ्य स्त्रीच्या कपाळावर असले तरी त्यावरची तिची मालकी परंपरेने मान्य केली नव्हती. कुंकू पतीच्या हयातीशी बांधलेले होते. तो गेला की ते पुसले जाई, बांगड्या फोडल्या जात, आणि चैत्रातील किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या स्त्रीला बोलावणे येणे बंद होई. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत याहून कठोर प्रथा होती : विधवेचे केशवपन करून तिला आलवण, म्हणजे साधे, बिनकाठाचे तांबडे लुगडे नेसवले जाई. लाल रंगाविषयीच्या कोणत्याही सरधोपट व्याख्येला महाराष्ट्रातील हा एकच तपशील पुरून उरतो. उत्तर भारत आणि बंगालमध्ये वैधव्याचा रंग पांढरा. येथे मात्र एकाच घरात सवाष्णीच्या कपाळीही लाल आणि सोवळ्या बाईच्या अंगावरही लाल. कपाळावरचा बोटभर लाल तिला समाजात आणी, आणि अंगभर गुंडाळलेला लाल तिला त्याच समाजाबाहेर काढी. रंग तोच होता. तो कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी दिला एवढ्यावरच त्याचा अर्थ ठरत होता, आणि तो ठरवणाऱ्यांत त्या स्त्रीचा समावेश नव्हता.

त्यामुळेच महाराष्ट्रातील सामाजिक सुधारणेचा वाद पुन्हा पुन्हा कुंकवापाशी येतो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला तरी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुसलेले कुंकू पुन्हा लागू शकते हे मान्य करणे समाजाला कायद्यापेक्षा जड गेले. १९३७ मध्ये प्रभात कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून चित्रपट काढला आणि त्याचे मराठी नाव ‘कुंकू’ असे ठेवले. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्नच मानायला नकार देते. शांता आपटे यांनी उभी केलेली ही नायिका कुंकवाचा अवमान करीत नाही, तर संमतीशिवाय लावलेले कुंकू बंधनकारक असते काय, हा प्रश्न विचारते; आणि त्या काळच्या प्रेक्षकांनी तो चित्रपट उचलून धरला, ही मराठी समाजाच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे.

या प्रश्नाला गावपातळीवर उत्तर मिळायला आणखी पंचाऐंशी वर्षे लागली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचे अनुकरण करावे असे कळवले. त्यानंतर अनेक गावांनी असे ठराव केले, आणि काही ठिकाणी विधवांना सन्मानाने बोलावून हळदीकुंकवाचे कार्यक्रमही झाले. कोणत्याही स्त्रीने कुंकू लावलेच पाहिजे असे या ठरावात म्हटलेले नाही. ते लावायचे की नाही हे तिने ठरवावे आणि दुसऱ्या कोणी ते पुसू नये, एवढेच त्यातून निष्पन्न होते.